पंप चालतो, पाणी का येत नाही?



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीला जोडून मी रजा घेतली आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या धाकट्या भावाकडे गेलो. त्याच्याकडे एक जुना पिकअप ट्रक आहे आणि त्या ट्रकच्या हौद्यात बसणारा एक ‘पॉप-अप कॅम्पर’. पॉप-अप कॅम्पर म्हणजे ट्रकवर ठेवलेली छोटी खोलीच. रस्त्यावर असताना तिचे छप्पर खाली बसलेले असते. मुक्कामाला पोहोचले की छप्पर वर ढकलायचे. मग ताडपत्रीसारख्या जाड कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि माणसाला आत उभे राहता येते. आत झोपायची जागा, गॅसची शेगडी, एक छोटे सिंक आणि नळ. नळ उघडला की पाणी येते, इतकेच आपल्याला दिसते. त्या नळामागे काय काय आहे ते मला एका रात्रीत शिकावे लागले, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

हा पाठ त्या रात्रीचा आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांचा पॉप-अप कॅम्परशी कधी संबंध येईल. पण टाकी, पंप, नळी आणि नळ यांच्याशी प्रत्येकाचा येणार आहे: शिबिरात, चौकीवर, गावाकडच्या विहिरीवर, नाहीतर स्वतःच्या घराच्या गच्चीवर. यंत्रणा लहान असली की तिचे सगळे भाग एका नजरेत येतात, म्हणून शिकायला लहान यंत्रणा बरी.

प्रसंग

आम्ही तिघे होतो: भाऊ, तेरा वर्षांचा पुतण्या आणि मी. मुक्काम यूटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, ‘आयलंड इन द स्काय’ नावाच्या उंच पठारावर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,८०० मीटर. त्या मुक्कामाच्या जागी पाण्याची सोय नाही. जवळचे गाव मोआब, तासाभराच्या अंतरावर. अशा कोरड्या मुलखात माणशी, दिवसाला किमान एक गॅलन म्हणजे जवळजवळ ४ लिटर पाणी बाळगा, असे उद्यानाकडूनच सांगितले जाते. आम्ही मोआबमध्ये टाकी काठोकाठ भरून घेतली: २० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ७५ लिटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या पाण्यात वाळूचे दोन-चार कण दिसले. मी उत्साहाने बाकाखालचे फळकूट उघडले, पंपाच्या आधी बसवलेली छोटी गाळणी काढली, धुतली, परत बसवली, फळकूट लावले. हात पुसले आणि फिरायला निघालो. नळ उघडून पाहिला नाही.

संध्याकाळी परत आलो. भावाने पंपाचे बटण दाबले आणि नळ उघडला. पंप घुर्रर्र करत चालू झाला. नळातून आधी फुसकारा, मग दोन-चार थेंब, मग नुसती हवा. पंप चालतो आहे, पाणी मात्र येत नाही.

भाऊ म्हणाला, “बॅटरी उतरली असेल.” मी म्हणालो, “पंपच गेला असणार, जुना आहे.” दोघेही आपापल्या अंदाजाच्या मागे लागलो. त्याने फ्यूज काढून पाहिले. मी पंपाचे स्क्रू सैल करायला घेतले. मग मला वाटले, टाकीत पाणी आहे का ते तरी पाहावे. म्हणून बाहेर जाऊन टाकीखालचा निचऱ्याचा कॉक उघडला. पाणी होते, चांगले जोरात आले. पण कॉक जुना होता, थंडीने बोटे बधिर झाली होती, आणि उघडलेला कॉक अंधारात पटकन बंद होईना. तो बंद होईपर्यंत तीन-एक मिनिटे गेली. सुमारे २५ लिटर पाणी वाळूत गेले.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत उभे होतो, तेव्हा पुतण्याने विचारले, “काका, सकाळी तुम्ही काय उघडलं होतं?”

मी गाळणी पुन्हा काढली. तिच्या झाकणाखालची रबरी ओ-रिंग आपल्या खाचेत नव्हती, एका बाजूला मुडपून बाहेर आली होती, आणि खाचेत वाळूचे कण होते. खाच पुसली, ओ-रिंग पाण्याने ओली करून नीट बसवली, झाकण हातानेच घट्ट केले. पंप चालू केला. अर्ध्या मिनिटात नळाला धार आली. पंप, बॅटरी आणि फ्यूज तिन्ही निर्दोष होते. दोष माझ्या हाताचा होता.

आधी यंत्रणा ओळखू या

टाकीपासून नळापर्यंत पाण्याचा मार्ग असा आहे.

१. *टाकी.* जाड पॉलिथिलीनची, बाकाखाली बसवलेली. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो वजन, एका मोठ्या माणसाइतके. ट्रकने किती वजन वाहायचे याला मर्यादा असते. त्या हिशेबात टाकीतले पाणी धरावेच लागते.

२. *गाळणी.* पंपाच्या अगदी आधी, बारीक जाळीची. टाकीतला कचरा पंपाच्या झडपांपर्यंत जाऊ नये म्हणून.

३. *पंप.* १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. आत लवचीक रबरी पडदे असतात, ते पुढे-मागे होऊन पाणी ढकलतात. पंपातच एकमार्गी झडप असते, म्हणजे पुढे गेलेले पाणी मागे टाकीत येत नाही.

४. *प्रेशर स्विच.* हा पंपाच्या डोक्यावरच असतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि स्विच पंप चालू करतो. नळ बंद केला की दाब चढतो. साधारण ३ ते ४ बारला स्विच पंप बंद करतो. ४ बार म्हणजे किती? १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे १ बार असतो. म्हणजे हा मुठीएवढा पंप ४० मीटर उंचीवरच्या टाकीइतका दाब देतो.

५. *दोन वाटा.* पंपानंतर एक नळी सरळ थंड पाण्याच्या नळाला जाते, दुसरी गॅस गिझरमधून गरम पाण्याच्या नळाला.

६. *बाहेरून पाणी घेण्याचे तोंड.* जिथे मुक्कामाच्या जागी नळ असतो तिथे रबरी नळी लावून थेट पाणी घेता येते. तेव्हा पंप लागत नाही. मात्र बाहेरचा दाब कितीही असू शकतो, म्हणून मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर लावतात, साधारण ३ बारचा.

७. *निचऱ्याचे कॉक.* टाकीच्या तळाला एक, आणि थंड व गरम नळ्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूंवर एकेक.

हा मार्ग वहीत एका रेघेने काढा: टाकी, गाळणी, पंप, नळ. आता पंपाच्या जागी एक उभी रेघ मारा. या रेघेच्या अलीकडची बाजू ‘ओढीची’, पलीकडची ‘दाबाची’. आजच्या पाठाचे मर्म या एका रेघेत आहे.

गळती, जिची ओल दिसत नाही

आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरे तर पाणी ओढले जात नाही, ते ढकलले जाते. पंप आपल्या आत कमी दाब निर्माण करतो, आणि टाकीतल्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा ते पाणी नळीतून पंपाकडे ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाणी फार तर १०.३ मीटर उंच ढकलू शकते. १,८०० मीटर उंचीवर हवा विरळ असते, तिथे ही मर्यादा ८ मीटरच्या थोडी वर येते. छोट्या पंपाला याच्या आसपासही जाता येत नाही. तो दीड-दोन मीटरवरून पाणी घेतो, आणि तेही नळीत कुठे फट नसेल तरच.

फट असली तर काय होते? हवेला दोन वाटा मिळतात. एक, टाकीतल्या जड पाण्याला ढकलत येण्याची. दुसरी, फटीतून सरळ आत शिरण्याची. हवा सोपी वाट धरते. पंप हवा घेतो, हवा सोडतो, आणि पाणी जागचे हलत नाही.

आमचा पंप टाकीच्या वरच्या कडेजवळ फळीवर बसवलेला होता, आणि टाकीतले पाणी तोवर खाली गेले होते. त्यामुळे गाळणीच्या झाकणातून पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नाही. आम्ही टॉर्च मारून ओल शोधत होतो, आणि ओल नाही म्हणून सांधे ठीक आहेत असे धरून चाललो होतो. तेच चुकले. दाबाच्या बाजूला फट असेल तर पाणी बाहेर येते आणि दिसते. ओढीच्या बाजूला फट असेल तर हवा आत जाते आणि दिसत नाही; ती ऐकू येते. पंपाचा आवाज पोकळ होतो, नळ फुसकारतो, धार तुटक येते.

हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण आम्ही दोघे भाऊ फलटणजवळच्या एका वाडीत विहिरीच्या पंपाशेजारी वाढलो. मोटर चालू, पण पाणी उचलत नाही, असे झाले की वडील आधी मोटारीला हात लावत नसत. ते सक्शन पाइपच्या सांध्यांवर ओला चिखल लिंपत आणि विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हकडे पाहत. मग पंपात बादलीने पाणी ओतून पुन्हा मोटर सुरू करत. चिखलाने फट बुजली आणि पाणी चढले की सांधा कोणता सैल आहे ते कळे. तीच विद्या, तोच नियम. पण यंत्र परके दिसले की आपण घरचे शहाणपण घरी ठेवून येतो.

बिघाड शोधण्याचे चार प्रश्न

त्या रात्री आम्ही दोघांनी दुरुस्ती आधी सुरू केली आणि शोध नंतर. क्रम उलटा हवा होता. हे चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

*पहिला: शेवटचा हात कशाला लागला होता?* काल चालणारी यंत्रणा आज बंद पडली तर मधल्या काळात काय बदलले ते पाहा. साफसफाई, दुरुस्ती, नवीन भाग, खडबडीत रस्ता, रात्रीची थंडी, यांपैकी काय घडले? बिघाड तिथेच असेल असे नाही, पण शोध तिथून सुरू करावा. आणि हात आपलाच असेल तर लगेच सांगावे. मी सकाळी गाळणी उघडल्याचे संध्याकाळी स्वतःहून बोललो असतो, तर २५ लिटर पाणी वाचले असते. मी विसरलो नव्हतो. ‘साधी गाळणी तर होती’ असे म्हणून मी ते मनातच बाजूला सारले होते.

*दुसरा: लक्षण नेमके काय?* ‘पाणी येत नाही’ हे लक्षण अपुरे आहे. पंपाचा आवाज येतो का? आवाज भरीव आहे की पोकळ? एकाच नळाला येत नाही की सगळ्या? थंड येते, पण गरम नाही, असे आहे का? ऐका, पाहा, लिहून काढा.

*तिसरा: दोष रेघेच्या अलीकडे की पलीकडे?* पंप चालतच नसेल तर विजेची बाजू पाहा. पंप चालतो पण हवाच ढकलतो, तर अलीकडची बाजू. पंपापर्यंत पाणी आहे पण नळाला नाही, तर पलीकडची बाजू. एका तपासणीत अर्धी यंत्रणा निर्दोष ठरते.

*चौथा: कोणती तपासणी फुकटची आहे?* जिच्यात पाणी, वेळ किंवा सुटा भाग खर्च होत नाही ती आधी. टाकीत पाणी आहे का हे पाहायला कॉक उघडायची गरज नव्हती. पॉलिथिलीनच्या टाकीमागे टॉर्च धरला की पाण्याची पातळी बाहेरून दिसते. तोही जमला नाही तर टाकीवर टिचकी मारा. भरलेला आणि रिकामा भाग वेगळा वाजतो.

आणि एक शिस्त: एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर नळ उघडून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पाणी आले, तर कशामुळे आले ते कधीच कळत नाही.

लक्षणे आणि कारणे

*पंपाचा आवाजच नाही.* बटण, फ्यूज, बॅटरीचा व्होल्टेज, आणि शेवटी पंपाच्या दोन तारा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी ती भरा. तारांचे सांधे गंजले असतील तर बॅटरीजवळ व्होल्टेज असूनही पंपाजवळ नसते, म्हणून दोन्ही ठिकाणी मोजा.

*पंप चालतो, पाणी नाही.* टाकी रिकामी, गाळणी तुंबलेली, गाळणीचे झाकण सैल, ओ-रिंग खाचेबाहेर, नळी मुडपलेली, किंवा हिवाळ्यासाठी फिरवलेली चावी तशीच राहिलेली. सगळी कारणे ओढीच्या बाजूची आहेत, हे लक्षात घ्या.

*नळ बंद, तरी पंप मधूनच चालू होऊन थांबतो.* नळीतला दाब कुठूनतरी निसटतो आहे. दाबाच्या बाजूच्या प्रत्येक सांध्याला कोरडा कागदी रुमाल लावा. ओला झाला तिथे गळती. बाहेरचा शॉवर असेल तर त्याचा नळ पाहायला विसरू नका. सगळे कोरडे असेल तर संशय पंपातल्या एकमार्गी झडपेवर: तिच्यात कण अडकून पाणी मागे टाकीत जाते. तिच्याच दोषाचे दुसरे लक्षण असे की बाहेरच्या नळाला जोडल्यावर टाकी आपोआप भरून वाहू लागते.

*धार एकाच नळाला बारीक.* पंप सोडा. त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा.

*गिझर चालू, तरी गरम नळाला गारच पाणी.* गिझरला वळसा घालणारी चावी हिवाळ्याच्या स्थितीत राहिली आहे. गिझर ताबडतोब बंद करा. तो रिकामा असू शकतो, आणि रिकामा गिझर तापवणे म्हणजे तो जाळणे.

*गिझरच्या सुरक्षा झडपेतून थेंब.* पाणी तापले की प्रसरण पावते. गिझरच्या वरच्या भागातली थोडी हवा उशीसारखी दबते आणि ते प्रसरण सामावून घेते. ती हवा हळूहळू पाण्यात विरून संपली की झडप थेंब सोडते. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पंप बंद करा, नळ उघडून दाब उतरवा, मग झडपेची दांडी उचलून थोडे पाणी काढा. हवेची उशी परत तयार होते. तरीही थेंब थांबले नाहीत तर झडप बदलावी लागेल. ती कधीही बुच लावून बंद करू नये, कारण वाढलेल्या दाबाला बाहेर पडायची ती एकच वाट असते.

*गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास.* हा हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास. साचलेल्या पाण्यातले काही जिवाणू तो तयार करतात. टाकी आणि गिझर रिकामा करून धुवा आणि पुढे दिल्याप्रमाणे निर्जंतुक करा.

नियमित देखभाल

*निर्जंतुकीकरण.* दर हंगामाच्या सुरुवातीला, आणि टाकी बरेच दिवस बंद राहिली असेल तेव्हा. सुवास न घातलेले घरगुती ब्लीच घ्या. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे ७५ लिटरच्या टाकीला ७५ मिलिलिटर. टक्केवारी वेगळी असेल तर त्या प्रमाणात बदल करा. ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळा, मग टाकीत ओता. गिझर बंद ठेवून प्रत्येक नळ, थंड आणि गरम, क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा. चार तास तसेच ठेवा. मग सगळे पाणी काढून टाका आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव्य कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

*गिझरचा बळी देणारा दांडा.* पोलादी टाकीच्या गिझरमध्ये बहुधा मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. पाण्यात दोन धातू जोडलेले असले की जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. मॅग्नेशियम झिजते म्हणून पोलाद वाचते. दांडा वर्षातून एकदा काढून पाहावा. बराचसा खाल्ला गेला असेल तर बदलावा. काढण्यापूर्वी गिझर गार आणि दाब उतरलेला असलाच पाहिजे.

*हिवाळा.* पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळी, पंप, झडप, कुणाचीही त्यापुढे गय होत नाही. कापडी भिंतींच्या कॅम्परमध्ये आतली ऊब फार काळ टिकत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीपूर्वी टाकी, गिझर आणि नळ्या रिकाम्या करतात, सर्व नळ उघडतात, नळ्यांत कमी दाबाची हवा मारून उरलेले पाणी काढतात किंवा पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी बनवलेले प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण पंपातून फिरवतात. मोटारीच्या रेडिएटरमधले कूलंट इथे कधीही वापरायचे नाही. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते विष आहे.

*गाळणी.* पंप बंद करा, नळ उघडून दाब उतरवा, गाळणी काढा, जाळी धुवा, ओ-रिंग आणि तिची खाच बोटाने चाचपून स्वच्छ करा, ओ-रिंग ओली करून बसवा, झाकण हाताने घट्ट करा. पान्हा लावू नका, प्लास्टिक तडकते. आणि मग नळ उघडून धार सलग येते का ते पाहा. हे शेवटचे वाक्य मी त्या सकाळी गाळले होते.

हिशेब

गाळणी बसली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. पाणी आले, पण किती उरले? टॉर्च लावून पातळी पाहिली. ७५ पैकी सुमारे ३० लिटर दोन दिवसांत वापरले होते, २५ वाळूत गेले होते. उरले २०.

दुसऱ्या दिवशी ‘अपहीव्हल डोम’ नावाच्या प्रचंड विवराला वळसा घालणारी लांब, अवघड पायवाट आम्हाला चालायची होती. पुतण्या दोन महिने त्या दिवसाची वाट पाहत होता. नकाशावर त्याने पेन्सिलीने थांबे मांडले होते. तिघांना दिवसभराचे पिण्याचे पाणी १२ लिटर, शिवाय स्वयंपाकाचे. भावाचा नियम असा की, काही झाले तरी एका दिवसाचे पाणी राखीव ठेवायचे. २० मधून राखीव १२ वजा केले तर उरतात ८. मोआबला जाऊन पाणी आणायचे तर जाण्या-येण्यात दोन तास मोडणार, आणि ऑक्टोबरचा दिवस लहान. ती वाट अंधारापूर्वी संपली नसती. सोमवारी भावाला कामावर हजर व्हायचे होते.

भावाने हिशेब मोठ्याने वाचला. मुलाने तो स्वतः वहीत पुन्हा करून पाहिला. आकडा तोच आला. त्याने नकाशा घडी घालून ठेवला आणि म्हणाला, “पुढच्या वेळी, काका.” रविवारी सकाळी आम्ही विवर कडेवरून पाहिले आणि परतलो.

मी त्याला म्हणालो, “चूक माझी होती.” तो म्हणाला, “ती रिंग बसवताना मला बोलवायचं होतं, मी टॉर्च धरला असता.” या वाक्यावर मी परतीच्या प्रवासात बराच विचार केला. दुसरी जोडी डोळे आणि एकदा उघडलेला नळ, याला एक मिनिट लागले असते.

स्वाध्याय

१. ब्लीचच्या बाटलीवर १० टक्के लिहिले आहे. ६० लिटरच्या टाकीला किती मिलिलिटर लागेल?

२. तुमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळापेक्षा १२ मीटर उंच आहे. नळ बंद असताना तिथे दाब सुमारे किती बार असेल?

३. पंप चालू आहे, सिंकच्या नळाला धार तुटक आणि फुसकारत येते, सगळे सांधे कोरडे आहेत. दोष रेघेच्या कोणत्या बाजूला? पहिली फुकटची तपासणी कोणती कराल?

४. दहा जणांची तुकडी, दोन दिवसांचे शिबिर, माणशी पिण्यासाठी ४ लिटर, स्वयंपाकासाठी दिवसाला एकूण १५ लिटर, आणि एका दिवसाचे सगळे पाणी राखीव. किती पाणी न्याल? त्याचे वजन किती?

पालकांसाठी दोन शब्द

मुले सुटीत घरी येतील तेव्हा त्यांना घरातल्या पाण्याचा मार्ग शोधून काढायला सांगा: जमिनीतली टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी, प्रत्येक कॉक कोणत्या नळाचा. तो कागदावर काढून मोटारीच्या बटणाशेजारी चिकटवा. कॉक फिरवताना सोबत उभे राहा, आणि काम झाल्यावर नळ उघडून दाखवायला लावा. पुढे कधी पाणी बंद झाले तर प्लंबरला फोन करण्यापूर्वी घरात एकमेकांना विचारा: शेवटचा हात कशाला लागला होता? ज्याचा लागला असेल त्याला न रागावता उत्तर देऊ द्या. उत्तर दिल्यावर ओरडा बसतो हे मुलांना कळले, की पुढच्या वेळी ती गप्प राहतात, आणि मग सगळ्यांनाच अंधारात शोधत बसावे लागते.